आवडतो निळा, घेतला जातो करडा

आवडता रंग कोणता असं विचारलं, तर बऱ्याच देशांत सगळ्यांत जास्त येणारं उत्तर निळा हेच असतं. आता त्याच माणसांची कपाटं उघडून बघा. काळा, पांढरा, करडा, मातकट, आणि निळा असलाच तर काळ्याच्या वळणावर गेलेला. माणसं खोटं बोलत नाहीत, प्रश्न अर्धवट विचारलेला असतो. नुसतं रंगाचं नाव काढलं की डोळ्यांसमोर एक सपाट चौकोन येतो. त्याला पोत नाही, वजन नाही, प्रसंग नाही. कापड घेताना समोर येणारा रंग मात्र कशाचा तरी असतो: जाड विणीच्या सुताचा, ठरावीक दिव्याखालचा, कुठेतरी घालून जाण्याचा, कुणीतरी बघणार असल्याचा. आवड आणि खरेदी यांच्यातली फट इथे पडते.

त्यात धास्तीची भर. वस्तू जितकी महाग आणि जितकी वर्षं वापरायची, तितका तिचा रंग भित्रा होत जातो. गळ्यात गुंडाळायचा रुमाल माणूस बिनधास्त लालभडक घेतो. दहा वर्षं बसायचं ते सोफ्याचं कापड निवडताना तोच माणूस राखाडीवर येऊन थांबतो, कारण चुकलं तर चूक रोज समोर दिसणार. म्हणूनच मांडणीत दाखवायचे रंग वेगळे आणि साठा करायचे रंग वेगळे ठेवावे लागतात. झगझगीत छटा माणसाला थांबवते, आत आणते, आणि शेवटी शेजारच्या शांत छटेची विक्री करून देते. त्या झगझगीत छटेचे तागे पडून राहिले म्हणून ती पुढच्या वेळी मांडणीतून काढली, तर शांत छटेचीही विक्री मंदावू शकते. ती आपलं काम करतच होती, फक्त ते बिलात दिसत नव्हतं.

आवड येते कुठून

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस यांनी २०१० मध्ये याचं एक साधं उत्तर मांडलं. ज्या रंगाच्या वस्तू आपल्याला आवडतात, तो रंग आपल्याला आवडतो. त्यांनी लोकांच्या एका गटाकडून प्रत्येक रंगाच्या वस्तू लिहून घेतल्या, दुसऱ्या गटाला त्या वस्तू किती आवडतात ते विचारलं, आणि तिसऱ्या गटाच्या रंगपसंतीशी ताळा जुळवला. तो चांगला जुळला. निळ्याच्या खात्यात निरभ्र आकाश आणि स्वच्छ पाणी जमा होतं, शेवाळी-तपकिरीच्या खात्यात कुजलेलं आणि सडलेलं.

मग निळ्याची आवड साऱ्या मानवजातीची म्हणायची का? नामिबियाच्या ग्रामीण भागात राहणाऱ्या हिंबा लोकांची पसंती ब्रिटिश लोकांच्या पसंतीशी ताडून पाहणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘वैश्विक’ म्हणून सांगितले जाणारे नमुने हिंबांच्या पसंतीत दिसलेच नाहीत. खातेवही सगळ्यांकडे असते, नोंदी ज्याच्या त्याच्या भवतालातल्या असतात.

या नोंदींमध्ये समाज दोन प्रकारे हात घालतो, किमतीने आणि नियमाने. रोमन काळातला, टायर या प्राचीन बंदराच्या नावाने ओळखला जाणारा जांभळा समुद्री गोगलगायींपासून निघे. १९०९ मध्ये पॉल फ्रिडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायींतून हा रंग काढून पाहिला, तेव्हा हाती लागला फक्त १.४ ग्रॅम. एवढा महाग रंग सत्तेचा झाला नसता तरच नवल. पुढे १८५६ मध्ये १८ वर्षांच्या विल्यम पर्किनला, मलेरियावरचं क्विनीन बनवायच्या खटपटीत, डांबरापासून निघणाऱ्या अॅनिलिनमधून जांभळा रंग सापडला. काही वर्षांतच तो रंग सामान्य बायकांच्या पोशाखात आला आणि त्याचा राजेशाही दबदबा ओसरला. रंग तोच राहिला, किंमत उतरली आणि तिच्याबरोबर अर्थही.

नियमाचं उदाहरण जपानच्या एदो काळातलं (सतरावं ते एकोणिसावं शतक). व्यापाऱ्यांकडे पैसा आला, पण भपकेबाज कापड आणि रंग वापरायला त्यांना सरकारी मनाई होती. त्यांनी तपकिरी, करडा आणि निळीचा निळा यांच्यातच इतक्या छटा काढल्या की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे’ असा वाक्प्रचारच झाला. बाहेरून साधा दिसणारा अंगरखा आणि आत रेशमी, चित्रांकित अस्तर ही रसिकतेची खूण ठरली. आज ‘शांत रंग म्हणजे उच्च अभिरुची’ असं कुणी छातीठोकपणे सांगतं, तेव्हा हे लक्षात ठेवावं. अभिरुचीच्या मुळाशी पुष्कळदा एखादी बंदी सापडते.

दोष कशाला म्हणायचं हेसुद्धा संस्कृतीच ठरवते. एकोणिसाव्या शतकात डच कारखान्यांनी जावातल्या बाटिकची, म्हणजे मेण लावून रंग अडवत नक्षी काढलेल्या कापडाची, यंत्रावर नक्कल केली. मेणाऐवजी राळ वापरली. राळेला तडे जात, तड्यांतून रंग झिरपे आणि कापडभर केसासारख्या रेषा उठत. जावातल्या गिऱ्हाइकांना हा गबाळेपणा वाटला. तेच कापड पश्चिम आफ्रिकेत गेलं, तर तिथे याच रेषा आवडल्या, कारण त्यांच्यामुळे कापडाचे दोन तुकडे कधी एकसारखे निघत नव्हते. नायजेरियाच्या किनाऱ्याकडचे कालाबारी लोक त्याहून पुढे गेले. भारतातून येणाऱ्या चौकड्याच्या सुती कापडातले ठरावीक धागे पात्याने कापून, उपसून ते नवीच नक्षी काढत. या कापडाला ते ‘पेलेते बिते’, म्हणजे धागे कापलेलं कापड, म्हणतात. विणकराने काळजीपूर्वक घातलेला धागा काढून टाकल्यावर ते कापड त्यांचं झालं.

याच कारणासाठी ‘पांढरा म्हणजे पावित्र्य, लाल म्हणजे उत्साह’ छापाचे तक्ते कामाचे नसतात. चीन आणि कोरियात पांढरा परंपरेने शोकाचा रंग. युरोपात वधूचा पांढरा पोशाख रूढ झाला तो १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने लग्नात घातल्यानंतर, त्याआधी वधू आपला सर्वांत चांगला पोशाख घाले, रंग कुठलाही असो. मुलींचा गुलाबी आणि मुलग्यांचा निळा ही वाटणी तर विसाव्या शतकात पक्की झाली. रंगाचा अर्थ विचारताना प्रसंग, पोशाखाचा प्रकार आणि घालणाऱ्याचं वय जोडीला घेतलं नाही, तर उत्तर फसवं येतं.

हाताचा कौल

कापडाच्या ढिगासमोर उभ्या माणसाचा हात बघा. डोळ्याने तागा निवडला की लगेच कापडाची कड अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये जाते, दोन-तीनदा चोळली जाते, मग कापड मुठीत आवळून सोडलं जातं. एवढ्यात जाडी, गुळगुळीतपणा, उसळी, सुरकुती, गारवा की ऊब, सगळं मोजून झालेलं असतं.

जपानी संशोधक सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकात हे चोळणं यंत्रांत उतरवलं. कापड किती ताणतं आणि तिरकं सरकतं, किती वाकतं, किती दबतं आणि पृष्ठभाग किती घासतो, हे हाताच्या हलक्या जोराइतक्याच जोरावर मोजणारी चार यंत्रं त्यांनी बनवली. यंत्रांसोबत जाणकारांना बसवून हाताला जाणवणाऱ्या गुणांची नावं पक्की केली: ‘कोशी’ म्हणजे अंगचा ताठपणा, ‘नुमेरी’ म्हणजे मऊ गुळगुळीतपणा, ‘फुकुरामी’ म्हणजे भरीवपणा, ‘शारी’ म्हणजे कुरकुरीत कोरडेपणा. हिवाळी सुटाच्या कापडात नुमेरी महत्त्वाची, उन्हाळी सुटाच्या कापडात शारी. मऊ म्हणजे चांगलं, हे समीकरण इथे मोडतं. मराठीतही तलम, मऊसूत, सुळसुळीत आणि झुळझुळीत असे चार शब्द आहेत आणि चारही ‘मऊ’त मोडतात, तरी सुळसुळीत कापड मागणाऱ्याला तलम दिलं तर तो परत करेल.

टोचणाऱ्या लोकरीचं गणित नीट कळलेलं आहे. कापडातून बाहेर डोकावणारं तंतूचं टोक त्वचेला टेकतं. तंतू बारीक असेल तर वाकून बाजूला होतो, जाड असेल तर न वाकता टोचतो. वाकायला लागणारा जोर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तंतू थोडासा जाड झाला तरी टोचणं एकदम वाढतं. सीमा साधारण ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून जाड तंतू सुमारे ५ टक्क्यांवर गेले की अंगालगत घालायच्या कपड्यात बऱ्याच जणांना खाज येते. म्हणून सरासरी व्यास विचारून भागत नाही. सरासरी २० मायक्रॉन असूनही थोडे जाड तंतू मिसळलेले असले, तर गळ्यापाशी तक्रार येणारच. ‘लोकर मला सोसत नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळांना लोकर सोसते, ते जाड तंतू सोसत नाहीत.

गारव्याची गोष्टही तापमानाची कमी आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळाची जास्त. गुळगुळीत, अखंड तंतूंचं कापड त्वचेला भरपूर टेकतं, उष्णता पटकन ओढून घेतं, गार लागतं. लव काढलेलं कापड फक्त केसांच्या टोकांवर टेकतं आणि मध्ये हवा राहते, ते उबदार लागतं. एकाच खोलीत, एकाच तापमानाला ठेवलेले दोन तागे हाताला वेगळे लागतात ते यामुळे. मग गार कापडाला फिकट निळा आणि लवदार कापडाला विटकरी रंग दिला की डोळा आणि हात एकच गोष्ट सांगतात. उलट केलं तर गिऱ्हाईक हात लावून क्षणभर थबकतं. कधीकधी ते थबकणं मुद्दाम हवं असतं, एरवी ती चूकच.

वजनाला लोक दर्जा समजतात, आणि इथे फसवणुकीचा इतिहास मोठा आहे. कच्च्या रेशमावरचा डिंक उकळून काढला की त्याचं २० ते २५ टक्के वजन घटतं. ही घट भरून काढायला एकोणिसाव्या शतकात रेशमाला कथलाचे आणि लोखंडाचे क्षार पाजले जाऊ लागले. गिऱ्हाइकाला जड, भरगच्च पडणारं रेशीम हवं होतं, म्हणून भरणा वाढतच गेला. ते क्षार तंतूंना आतून खात राहिले. त्या काळातले रेशमी पोशाख आज संग्रहालयांत घड्यांवर उभे चिरत चालले आहेत. रेशमाची सळसळसुद्धा बरीचशी दिलेली असते: सौम्य आम्लाच्या पाण्यातून काढलं की धागे एकमेकांवर घासताना करकरतात. अस्सल रेशीम आवाजावरून ओळखतो म्हणणाऱ्याला बहुधा ते आम्ल ऐकू येत असतं.

सुती कापडातली हीच युक्ती म्हणजे खळ. दर चौरस मीटरला १२० ग्रॅम म्हणून घेतलेलं शर्टाचं कापड पहिल्या धुण्यात पातळ पडलं, तर वजनात खळ मोजली गेली होती. कापडाची घडी गडद कागदावर धरून दोन पदर एकमेकांवर जोरात चोळायचे. पांढरी भुकटी पडली तर समजावं.

कापडावरचा रंग

एकाच पिंपात रंगवलेल्या दोन कापडांचा रंग सारखा दिसेलच असं नाही. मखमलीची लव प्रकाशाला आत अडकवते, म्हणून तिचा काळा विहिरीसारखा खोल. साटिनचा पृष्ठभाग आरशासारखा थोडा प्रकाश न रंगवताच परत पाठवतो, म्हणून त्याच रंगात पांढरट झाक मिसळते. अतिबारीक तंतूंच्या कापडाला तेवढीच गडद छटा आणायला रंगद्रव्य जास्त लागतं, कारण प्रकाश परतवणारे पृष्ठभाग वाढलेले असतात. भिजलेलं कापड गडद दिसतं, कारण तंतूंमधली हवा जाऊन पाणी बसतं आणि प्रकाश कमी विखुरतो. मखमल बेतताना एक फाळका उलट्या लवेचा लागला तर शिवल्यावर दोन वेगळ्या ताग्यांतलं कापड वाटतं. त्याला मग कुणीही काही करू शकत नाही, उसवणं सोडून.

दिव्याचा घोळ यापेक्षा वाईट. दोन कापडं एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि दोन ठिकाणी वेगवेगळी रंगद्रव्यं वापरून तीच छटा जुळवली की हे होतं. सदरा एका कारखान्यात रंगला, त्याची कॉलरपट्टी दुसऱ्या, तर उन्हात कॉलर हिरवट दिसू शकते. तपासण्याची पद्धत ठरलेली आहे. तटस्थ करड्या रंगाच्या पेटीत कापडाच्या चार पदरी घड्या ठेवायच्या, म्हणजे खालचं काही झिरपून दिसत नाही. दोन्ही नमुन्यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, एकाच दिशेला, कडा एकमेकींना टेकलेल्या, नजर ४५ अंशांतून. आधी ६५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाश निळसर की पिवळसर ते सांगणारं माप) दिवसाचा प्रकाश, मग ४००० च्या आसपासचा दुकानी ट्यूबचा, मग सुमारे २८५६ केल्विनचा पिवळा बल्ब. बघणाऱ्याने भडक कपडे घालू नयेत, त्यांचा रंग नमुन्यावर पडतो. यंत्राने मोजलं तर फरकाची हद्द बहुतेक करारांत डेल्टा ई (दोन रंगांतला फरक सांगणारा आकडा) १ च्या आसपास असते, पण राखाडी आणि फिकट बदामी छटांत तेवढाही फरक डोळ्याला खुपतो.

पांढऱ्याचं दुखणं निराळं. शुभ्रता वाढवणारी द्रव्यं अतिनील किरणं घेऊन निळसर प्रकाश देतात. ज्या एलईडी दिव्यांत अतिनील भाग नसतो, त्यांच्याखाली तेच कापड पिवळट पडतं. गिऱ्हाईक ‘जुना माल आहे’ म्हणतं आणि त्याच्या डोळ्यांपुरतं ते खरंही असतं.

शेजारचा रंगही छटा बदलतो. १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्याच्या रंगशाळेची सूत्रं रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांच्याकडे आली. तक्रार होती की काळी लोकर फिकी पडते. त्यांनी ती इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडली, तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे काळा मरगळलेला दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावरचा नियम सविस्तर मांडला. आजही रंग बिघडला म्हणून परत आलेल्या नक्षीदार कापडात रंगाऱ्याआधी नक्षी तपासावी.

नावात काय असतं

रशियन भाषेत फिकट आणि गडद निळ्याला दोन स्वतंत्र मूळ शब्द आहेत, गलुबोय आणि सीनी. २००७ मधल्या एका प्रयोगात या सीमेच्या दोन बाजूंच्या निळ्या छटा रशियन भाषकांनी एकाच बाजूच्या छटांपेक्षा लवकर वेगळ्या ओळखल्या. इंग्रजी भाषकांत हा फायदा दिसला नाही. मराठी हेच काम दुसऱ्या वाटेने करते. लालभडक, लालबुंद, लालचुटूक: तिन्ही लाल, पण पहिला डोळ्यांवर येतो, दुसऱ्यात रक्त आहे, तिसरा लाडाचा. अबोली, डाळिंबी, मोरपंखी, पारवा ही नावं तर वस्तूच हातात ठेवतात. छटेला ‘गुलाबी ३’ असं नाव दिलं की माणसाच्या खातेवहीतलं एकही पान उघडत नाही. मात्र नाव आणि छटा जुळायला हव्यात. ज्याला अबोली म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्याला नारिंगी पाठवून चालत नाही.

पसंती विचारायची कशी

नवी छटा किंवा नवं कापड बाजारात आणण्याआधी लोकांना विचारलं जातं, आणि तिथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा दाखवून पडद्याचा रंग विचारणं ही पहिली. मोठ्या पृष्ठभागावर तोच रंग अधिक उजळ आणि अधिक तीव्र दिसतो, म्हणून तुकड्यावर सौम्य वाटलेला पिवळा भिंतभर लावल्यावर ओरडतो. किमान एक मीटर कापड, ज्या स्थितीत वापरायचं त्या स्थितीत: पडदा टांगून, शर्टाचं अंगावर टाकून.

नमुने आधी निदान २४ तास सारख्या हवेत ठेवावेत. प्रयोगशाळेत २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता धरतात, कारण दमट सूत हाताला वेगळं लागतं. विचारायचं तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत कापड पडद्याआड, फक्त हात. दुसऱ्यात फक्त डोळे. तिसऱ्यात दोन्ही. पहिल्या दोन फेऱ्यांत वर आलेला नमुना तिसऱ्या फेरीत खाली गेला, तर रंग आणि पोत एकमेकांशी भांडताहेत. एका बैठकीत सात-आठ नमुन्यांपुढे जाऊ नये, बोटं बोथट होतात. हात धुतलेले, क्रीम न लावलेले. क्रम प्रत्येकासाठी वेगळा. चौघांना एकत्र बसवू नये, पहिला बोलेल तेच उरलेले तिघे म्हणतात.

आणि ‘आवडलं का’ हा प्रश्न टाळावा. दोन नमुने द्यावेत आणि कुठला घेणार, कुठे घालणार, घरात कुणी नाक मुरडेल का, हे विचारावं. उत्तरातला शेवटचा भाग सगळ्यांत खरा असतो. नवी छटा पहिल्याच भेटीत नापसंत झाली तरी घाई करू नये. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवल्याप्रमाणे नुसतं वारंवार दिसण्यानेही आवड वाढते, म्हणून आठवड्याने तोच नमुना पुन्हा दाखवावा. बघणारा साठीपुढचा असेल तर आणखी एक काळजी. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, गडद निळा आणि काळा एकच दिसू लागतात. त्याला दोन्हीत फरक नाही वाटला, तर ते त्याचं मत नव्हे.

फोन-संगणकाच्या पडद्यावर विकताना हाताची फेरी मिळतच नाही. तिथे वजनाचा आकडा, तंतूंचं प्रमाण, कापड मुठीतून सुटतानाची छोटी चित्रफीत आणि खिडकीच्या उजेडात घडीचं जवळून काढलेलं छायाचित्र यांनी बरंच भागतं. ‘मऊ’ लिहून काहीच कळत नाही, ‘सुळसुळीत, खांद्यावरून घसरतं’ लिहिलं की कळतं.

शेवटची फेरी पाच धुण्यांनंतरची. काळं सुती कापड इथे हमखास नापास होतं आणि लोक म्हणतात रंग गेला. पुष्कळदा रंग जागेवर असतो, घासून बारीक तंतू वर आलेले असतात आणि त्या लवेवर प्रकाश विखुरून काळा करडा दिसतो. बोट ओलं करून त्या जागी फिरवावं. ओल्या पट्ट्यात काळा परत आला, तर बहुधा दोष लवेचा. सेल्युलेज नावाचं विकर ती लव खातं, कापड शिवण्याआधीच त्यातून काढलं तर पाचव्या धुण्यालाही तागा काळा राहतो. पट्टा ओला असूनही करडाच दिसला, तर मग रंगाऱ्याकडे जावं.